दुपारी बाहेर, रात्री घरी

‘ताई, मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहा जण आठ दिवसांसाठी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला जातोय. रुसाफा भागात स्वयंपाकघरासकट फ्लॅट घेतलाय. सासूसासरे शाकाहारी आहेत, सासूबाई अंडंही खात नाहीत, आणि त्यांची एकादशी नेमकी मधेच येते. मुलांना पाएया खायचाय. नवऱ्याचं म्हणणं, स्वयंपाकघर आहेच तर तिन्ही त्रिकाळ घरी जेवू, पैसे वाचतील. सासूबाईंनी तर कुकर, पोळपाट, दोन किलो कणीक आणि घरच्या तुपाची बरणी आत्तापासून बाजूला काढून ठेवलीय. मला मात्र धास्ती वाटते, की ठाण्याच्या ओट्यापासून निघून मी व्हॅलेन्सियाच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहणार. काय करू?’
– एक वाचक, ठाणे

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात नवऱ्याचा बेत आहे, सासूबाईंचा आहे, मुलांचा आहे. तुमचा बेत मात्र कुठेच सापडला नाही. म्हणून आधी निकाल सांगते, कारणं मागून येतीलच. सकाळचा चहा-नाश्ता घरी, दुपारचं जेवण बाहेर, रात्रीचं पुन्हा घरी. पोळपाट ठाण्यातच राहू द्या.

हा सल्ला मी चवीवरून देत नाहीये, घड्याळावरून देतेय. स्पेनमध्ये दुपारचं जेवण हेच दिवसाचं खरं जेवण. रेस्तराँची स्वयंपाकघरं दीड-दोनला सुरू होतात, चारच्या आसपास आवरतात आणि मग थेट रात्री साडेआठ-नऊला पुन्हा चूल पेटते. मधल्या वेळात बार उघडे दिसतात, आत माणसंही असतात, पण जेवायला मागितलं की उत्तर येतं, ‘कोसिना सेर्रादा’, स्वयंपाकघर बंद. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाराला भूक नव्हती म्हणून जेवण लांबवलं, चारला निघाले आणि सहापर्यंत रस्तोरस्ती हिंडून शेवटी बटाट्याच्या चिप्सवर भागवलं. तुमच्या सासऱ्यांना साडेसातला ताट लागत असणार, असा माझा अंदाज. व्हॅलेन्सियात मे अखेरीस सूर्यच सव्वानऊच्या सुमाराला मावळतो. साडेसातला बाहेर कुणी ताट वाढणार नाही, आणि नऊला जेवायला बसवलं तर दोन्ही टोकांची मंडळी, म्हणजे सासरे आणि मुलं, पेंगायला लागतील. तेव्हा रात्र घरची. दुपारी दोनला मात्र सगळं शहर जेवायला बसतं, तेव्हा तुम्हीही बसा.

नवऱ्याच्या हिशेबालाही हे धरूनच आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक साध्या रेस्तराँच्या दाराशी फळ्यावर ‘मेनू देल दिया’ लिहिलेला असतो. एक पहिला पदार्थ, एक दुसरा, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. सगळं मिळून साधारण बारा ते अठरा युरो. तेच जेवण रात्री एकेक पदार्थ मागवून केलं तर बरंच महाग पडतं. १९६०च्या दशकात स्पॅनिश सरकारच्या पर्यटन खात्यानं परदेशी पाहुण्यांना ठरावीक दरात जेवण मिळावं म्हणून रेस्तराँना असं ताट ठेवायला लावलं. पुढे पाहुणे बाजूला राहिले आणि ती नोकरदारांचीच थाळी होऊन बसली. शनिवार-रविवारी हा फळा बरेचदा नसतो, असला तर महाग असतो. पाण्याची बाटली पुढ्यात ठेवू लागले तर ‘आग्वा देल ग्रिफो’, नळाचं पाणी, मागा. २०२२च्या कायद्यानं ते फुकट द्यावं लागतं. टिपेची सक्ती नाही. चार नाणी ठेवलीत तरी चालतं, नाही ठेवलीत तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

आता सासूसासऱ्यांचं शाकाहाराचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फसगत इथेच होते.

‘सिन कार्ने’, मांस नको, एवढ्यानं भागत नाही. तिथल्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा चांगला तुकडा. हामोन, म्हणजे खारवून वाळवलेलं डुकराचं मांस, अनेकांच्या लेखी त्यात मोडतच नाही. आपल्याकडे वरून कोथिंबीर भुरभुरतात तसे तिथे हामोनचे बारीक तुकडे भुरभुरतात. मसुराची आमटी म्हणून ‘लेंतेहास’ मागवाल तर तिच्यात बहुधा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, सापडेल. ‘एन्सालादा’ म्हणजे कोशिंबीर, पण तिच्यावर ट्यूना मासा हमखास असतो, ‘एन्सालादिया रूसा’ या बटाट्याच्या सॅलडमध्ये तर असतोच असतो, आणि त्यातलं मेयोनेज अंड्याचं. ‘एस्गार्राएत’ ही खास व्हॅलेन्सियाची भाजलेल्या लाल मिरचीची थंड भाजी. नावावरून, रूपावरून अगदी आपली वाटते, पण तिच्यात खारवलेला कॉड मासा असतो. थंड टोमॅटोचं सार म्हणून ‘गास्पाचो’ मागवा, सासऱ्यांना आवडेल. मात्र फळ्यावर ‘गास्पाचो मान्चेगो’ असेल तर हात जोडा. ती चपातीच्या तुकड्यांसारख्या पावात शिजवलेली सशाची किंवा शिकारीच्या मांसाची रस्सेदार डिश आहे. नाव एक, कूळ भलतंच.

म्हणून मोबाइलवर एक स्पॅनिश वाक्य रोमन लिपीत लिहून ठेवा आणि ऑर्डरच्या आधी वेटरला दाखवा: ‘सोय बेहेतारियाना, नो कोमो कार्ने, नि हामोन, नि पेस्कादो, नि आतून, नि वेवो, नि काल्दो दे कार्ने.’ मी शाकाहारी आहे. मांस, हामोन, मासे, ट्यूना, अंडं आणि मांसाचं पाणी, यातलं काही खात नाही. ‘काल्दो’ हा शब्द वगळू नका. निम्मी फसगत त्या मांसाच्या पाण्यातच असते. युरोपातल्या नियमाप्रमाणे रेस्तराँना चौदा अॅलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, आणि मेनूवर बरेचदा त्यांची छोटी चित्रं असतात. अंडं, दूध, मासे, कोळंबी त्यात येतात, म्हणून सासूबाईंच्या अंड्याची काळजी बरीचशी मिटते. पण मांस अॅलर्जीच्या यादीत नाही. चित्र नाही म्हणजे मांस नाही, असं समजू नका.

निर्धास्त मागवावेत असे पदार्थही आहेत. ‘पान कोन तोमाते’, भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. ‘पिमिएंतोस दे पाद्रोन’, तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, जाड मीठ लावलेल्या. एखादीच तिखट निघते आणि मुलांना तो जुगार फार आवडतो. ‘एस्कालिबादा’, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, मिरची, कांदा. बघताच सासूबाई म्हणतील, हे तर आपलं भरीत, फोडणीच राहिली. वर कधीकधी छोटे मासे ठेवतात, तेवढं विचारून घ्या. ‘बेर्दुरास आ ला प्लांचा’, तव्यावर भाजलेल्या भाज्या, जवळपास कुठेही मिळतात.

पाएया. मुलांचा हट्ट रास्त आहे, कारण हा भात व्हॅलेन्सियाचाच. पण कोळंबी-शिंपल्यांचा जो फोटो आपण पाहतो ती किनाऱ्यावरची तऱ्हा. ज्याला तिथले लोक ‘पाएया बालेन्सियाना’ म्हणतात त्यात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, टोमॅटो, केशर आणि ‘गार्रोफो’ नावाचे मोठे पांढरे दाणे असतात. हा गार्रोफो म्हणजे आपली डबल बी. हे कळलं तेव्हा मला त्या भाताबद्दल एकदम भाचीसारखी माया वाटली. सासूसासऱ्यांसाठी ‘पाएया दे बेर्दुरास’ मागवा, आणि ‘एल काल्दो एस दे बेर्दुरास?’ हे विचाराच. पाएया बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांची करतात, तेव्हा मुलांची एक कढई आणि थोरांची एक, असं नीट जमतं. चांगल्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि सांगितलं नसेल तर पाऊण तास थांबायची तयारी ठेवा. पाएया दुपारची. रात्री पाएया खाणारा माणूस पाहुणा, हे शंभर पावलांवरून ओळखू येतं. दाराबाहेर दहा पाएयांचे रंगीत फोटो लावलेला बोर्ड दिसला की पुढे चला, ते सगळे एकाच फ्रीजरमधून येतात. कढईच्या तळाशी जी करपलेली कुरकुरीत खरपुडी लागते तिला ‘सोकार्रात’ म्हणतात, आणि तिच्यावरून तिथेही घरात भांडणं होतात. तुमच्या घरी कुणाला द्यायची ते आधीच ठरवून टाका.

आता बाजार. रुसाफात राहताय म्हणजे तिथला झाकलेला बाजार पायाशी आहे आणि रोजच्या भाजीला तो पुरेसा आहे. पण एक सकाळ मेर्कात सेंत्रालसाठी राखा. १९२८ साली सुरू झालेली ही इमारत रंगीत काचा, लोखंड आणि चिनीमातीच्या फरशांची आहे, समोरच जुनी रेशमाची पेठ ‘ला लोन्हा’, म्हणजे एका फेरीत भाजीही होते आणि स्थळदर्शनही. सोमवार ते शनिवार, सकाळपासून दुपारी तीनच्या आसपासपर्यंत, रविवारी बंद. गाळ्यापाशी रांग दिसणार नाही, नुसता घोळका दिसेल, पण रांग असते. आल्याबरोबर विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’, शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं, त्या माणसाच्या मागे आपला नंबर. आपल्याकडच्या दवाखान्यात विचारतो तसंच. फळांना आपण हात लावायचा नाही, विक्रेताच निवडून देतो. सुपरमार्केटमध्ये मात्र आपण निवडायचं, तेही तिथे ठेवलेला प्लॅस्टिकचा मोजा हातात घालून. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर भेंडी मोडून बघायची सवय तिथे टोमॅटोवर निघेल.

कोथिंबिरीच्या बाबतीत माझा एकदा मामा झाला आहे. हिरवीगार जुडी बघून आनंदानं घेतली, पोह्यांवर भरपूर पेरली आणि पहिल्या घासाला कळलं की हे काहीतरी निराळंच. ती ‘पेरेहिल’, म्हणजे पार्सली. कोथिंबीर हवी तर ‘सिलांत्रो’ म्हणा, आणि वास घेतल्याशिवाय घेऊ नका. हिरव्या मिरचीसारखी दिसणारी लांब ‘पिमिएंतो इतालियानो’ अजिबात तिखट नसते. भरून केलीत तर सुरेख लागते, पण फोडणीच्या कामाची नाही. म्हणून तिखट, हळद, मोहरी, हिंग, गोडा मसाला आणि चहाची पूड एवढा डबा घरून न्या.

बाकी वाणसामान सुपरमार्केटात मिळतं. मेर्कादोना ही साखळी मूळची व्हॅलेन्सियाचीच, कोन्सूम हीदेखील. तूरडाळ शोधत बसू नका, ‘लेंतेहा रोहा पेलादा’ घ्या, म्हणजे आपली मसूरडाळ. ती कुकरशिवाय पंधरा-वीस मिनिटांत मऊ शिजते, आणि तुमचा कुकरचा प्रश्न तिथेच सुटतो. काचेच्या बरणीत शिजवलेले छोले मिळतात, ‘गार्बान्सोस कोसिदोस’. धुवा, कांदा-टोमॅटोवर टाका, दहा मिनिटांत उसळ तयार. तांदळात ‘रेदोन्दो’ म्हणजे गोल आणि ‘लार्गो’ म्हणजे लांब. मोकळ्या भाताला लांब घ्या, पण वरणभाताला आणि खिचडीला तो गोल तांदूळच छान, मऊ आणि जरासा चिकट होतो. दही घेताना डब्यावर नुसतं ‘नातुराल’ हवं. पुढे ‘आसुकारादो’ असेल तर ते गोड असतं आणि त्याचं ताक केलंत तर सासरे बोलून दाखवतील. पोळ्यांऐवजी गव्हाच्या ‘तोर्तियास दे त्रिगो’ची पाकिटं मिळतात, तव्यावर गरम केल्या की काम भागतं. ऑम्लेटलाही ‘तोर्तिया’च म्हणतात, म्हणून ‘दे त्रिगो’ नीट वाचा. आणि घटकांत ‘मांतेका’ आहे का तेही बघा. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. ‘मांतेकिया’ म्हणजे लोणी. एका अक्षराच्या फरकानं धर्म बुडतो, म्हणून बिस्किटं आणि केकही याच नजरेनं तपासा.

यावरून तुपाची बरणी. ती नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि तूप हा दुधाचाच पदार्थ. पेढे, बर्फी, चीज यांचंही तेच. ताजी फळं, भाज्या, पानंही बहुतेक अडवतात. कढीपत्ता आणि हापूस दोन्ही घरी ठेवा. सासूबाई हळहळतील, तेव्हा त्यांना हे सांगा: तिथे ‘मांतेकिया सिन साल’, बिनमिठाचं लोणी, उत्तम मिळतं. पहिल्या दिवशी दोन पाकिटं आणून मंद आचेवर कढवा. वीस मिनिटांत घरभर तुपाचा वास सुटतो, आणि ते काम त्यांचंच असू द्या. आपल्या हातचं तूप मिळालं की बाकीच्या निम्म्या गोष्टींना त्या आपोआप ‘चालेल’ म्हणतील.

कुकरबद्दल एक. घरमालकाला आत्ताच विचारा, शेगडी ‘इंदुक्सियोन’ आहे की ‘बित्रोसेरामिका’, म्हणजे काचेच्या पाट्याची साधी विजेची? इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. विजेची वस्तू न्यायचीच असेल तर व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, पण आपली तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत जात नाही. आणि एसी, ओव्हन, शेगडी, वॉशिंग मशीन एकदम लावू नका. तिथल्या घरांना मोजूनमापून वीज जोडलेली असते, ती मर्यादा ओलांडली की खटकन सगळं घर अंधारात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे पण जड आहे, चहावर तवंग धरतं. चहापुरता पाच लिटरचा कॅन आणा.

एकादशीची तर मला काळजीच वाटत नाही. व्हॅलेन्सियाचे लोक सकाळी दहा-साडेदहाला पावाबरोबर टरफलासकट भाजलेले शेंगदाणे खातात, म्हणजे दाणे मुबलक. कुटासाठी मात्र ‘सिन साल’ बघून घ्या. बटाटे, दही, केळी आहेतच. साबुदाणा हवा तर उत्तर स्थानकाजवळ पेलायो रस्त्याच्या आसपास चिनी दुकानं आहेत, तिथे टॅपिओकाचे मोती विचारा. ‘ओरचाता’ मात्र चुकवू नका. चुफा नावाच्या छोट्या कंदाचं हे गार, दुधासारखं दिसणारं पेय शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावाचं. त्यात दूध नाही, अंडं नाही. कंद, पाणी, साखर. हा कंद आपल्या उटण्यातल्या नागरमोथ्याच्या चुलत घराण्यातला आहे. उपासाला चालतो की नाही, हा निवाडा मी करणार नाही, तो सासूबाईंनी करावा. सोबत ‘फार्तोन’ नावाचे लांब गोड पाव देतात, ते मुलांना द्या, त्यांत बहुधा अंडं असतं.

राहता राहिली ती तुमची धास्ती. रात्रीचा स्वयंपाक घरी आहे म्हणजे तो तुम्ही करायचा, असं कुठे ठरलंय? मसूरडाळ धुऊन शिजत टाकणं, भात लावणं आणि छोल्यांची बरणी उघडणं, हे पैसे वाचवणाऱ्या माणसाला सहज जमेल. निघण्याआधी ठाण्यात दोन रविवार त्यांच्याकडून करवून घ्या. भांडी मुलं घासतील. तुम्ही खाली जाऊन ‘कोर्तादो’ घ्या, लहानशा पेल्यातली थोड्या दुधाची कॉफी, आणि साडेसातला वर या.

आणि कुठल्या वारी पोचताय ते लिहिलं नाहीत. रविवार असेल तर बहुतेक मोठी दुकानं बंद असतील. पहिल्या रात्रीपुरते पोहे आणि मेतकूट हातातल्या पिशवीत असू द्या.